काष्ठाचे ऋजुत्व
पूल या खेळाची क्यू, म्हणजे चेंडू टोलवायची काठी, घडविणारा कसबी कारागीर मेपलचा निमुळता दांडा लेथवर एका दमात उतरवीत नाही. पातळ थर काढावा, मग महिनोन्महिने दांडा टांगून ठेवावा, आत दडलेला ताण त्याला वाकवील तितका वाकू द्यावा आणि मगच पुढला थर काढावा, हा त्याचा दस्तूर. कारण तोडलेले लाकूडही हवेतील ओलाव्याशी देवघेव चालूच ठेवते. लांबीत ते फारसे बदलत नाही, पण आडवे फुगते व आकसते, आणि तंतू तिरपे असले तर दांडा वाकतो. असा दांडा टेबलावर गडगडवावा, की त्याच्याखालची प्रकाशाची फट रुंदावते, मिटते, पुन्हा रुंदावते.

मग ऋजुत्व हा पदार्थाचा स्वभाव की संस्कार? सांख्यांनी प्रकृती नित्य परिणामशील मानली. त्या न्यायाने कायमचा सरळ दांडा संभवतच नाही, सरळपणा म्हणजे परिणामांचा तात्पुरता समतोल. हे मत मला पटते, तरी अपुरे वाटते. कारण मुळात सरळ तंतूंचे लाकूडच निवडावे लागते, तिरप्या तंतूंना कितीही मुदत दिली तरी त्यांचा भरवसा धरता येत नाही, आणि वरचा लाखेचा लेपही ओलाव्याची ये-जा मंद करतो, थांबवीत नाही.