परवडत नाही, हे कोणी ठरवले?

पॉल फार्मर हे संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर. हैती, पेरू आणि रुआंडा ही त्यांची कर्मभूमी. २०२२ साली रुआंडातच त्यांचे निधन झाले. पेरूचे धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेझ यांच्या मुक्तीच्या धर्मविचारातून त्यांनी एक सूत्र घेतले: आधी गरिबाचा पक्ष घ्यायचा. या सूत्रावर गंभीर आक्षेप आहे. पैसा मोजकाच असताना एका रोग्यावर तो ओतला, तर त्याच पैशात वाचू शकणारे अनेक जण मरतील. मग तो पक्षपात न्याय्य कसा?

हैतीतील कान्ज ही धरणाने उठवलेल्या लोकांची वस्ती. तिथे क्षयाची औषधे फुकट देऊनही रोगी दगावत. अनेकांना आजार करणीमुळे झाला असे वाटे, आणि दोष या समजुतीवर टाकणे सोपे होते. फार्मर यांच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना औषधाबरोबर दरमहा थोडे पैसे दिले. गावातलाच माणूस घरी जाऊन गोळ्या देई. या गटातले सगळे बरे झाले, नुसती औषधे मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक. करणीवर विश्वास असण्या-नसण्याने निकालात फरक पडला नाही. श्रद्धेला बोल लावून आपण भुकेचा प्रश्न टाळत असतो, हे इथे लख्ख दिसते.

मूळ आक्षेप मात्र एवढ्याने संपत नाही. नव्वदच्या दशकात लिमाच्या काराबाय्यो वस्तीत औषधांना दाद न देणारा क्षय आढळला, तेव्हा गरीब देशांना त्यावरचा उपचार परवडत नाही, असेच जाणकारांचे मत होते. त्या वेळच्या दरांत ते खरेही होते. पण या उपचारातली बरीच औषधे जुनी होती, पेटंट केव्हाच संपलेले. गिऱ्हाईक थोडे म्हणून भाव चढे. एकत्रित खरेदी सुरू झाल्यावर काहींच्या किमती नव्वद टक्क्यांहून अधिक उतरल्या. दोन जीवांतून एक निवडण्याची वेळ खरोखर येते, आणि तेव्हा हिशेब करावाच लागतो. परंतु माणसांनीच ठरवलेला भाव अटळ मानून केलेला हिशेब अन्यायाला शास्त्राचा आधार देतो, असे माझे ठाम मत आहे.

औषधांना दाद न देणारा हा क्षय मुंबईलाही परका नाही. त्यावरच्या बेडाक्विलिन या गोळीचे पेटंट लांबवण्याच्या अर्जाला क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी हरकत घेतली, एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. उपचारांतल्या जुन्या इंजेक्शनांनी दोघींची श्रवणशक्ती नेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मंजूर झाला असता, तर स्वस्त गोळीसाठी रोग्यांना २०२७ पर्यंत थांबावे लागले असते.