सावकाश जेव, बाळा

चि. मनू,


पहाटे उठून डहाणू रोडची लोकल गाठतेस, डब्यातला घासही वाया घालवत नाहीस, हे मला कुणी सांगायला नको. काळजी एवढीच, की भाकरी उभ्याउभ्याने गिळून पळतेस.

तू विचारलंस, नागली तीच, मग कोंबडीला, बैलाला नि आपल्याला ती निरनिराळी का पचते? अगं, आपली कोंबडी दाणा अख्खा गिळते, तिला दात कुठले. पण तो आधी गळ्याखालच्या पिशवीत भिजतो, मग त्यावर आम्लरस पडतो, आणि पुढच्या जाड, मांसल पिशवीत तिने वेचून खाल्लेले खडे तो भरडतात, तेव्हा कुठे आतड्यात प्रथिनं नीट सुटी होतात. (म्हणून तर तांदूळ निवडताना निघालेले खडे मी तिच्यापुढे टाकते.)

बैलाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. ते धान्यातलं बरंचसं प्रथिन मोडून स्वतःचं अंग घडवतात, आणि बैल पुढच्या पोटात त्या जीवांनाच पचवतो. दाण्यात कमी पडणारा लायसिन हा प्रथिनाचा घटक त्याला असा मिळतो. पण त्यासाठी निवांत बसून रवंथ करायला हवं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी अनुताई वाघांनी कोसबाडला कुरणातच शाळा भरवली, ती मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. ढोरं रवंथ करतात तोवर पोरं शिकतात. तोच बैल खळ्यावर सुटून भाताच्या राशीवर तुटून पडला, की इतका दाणा पोटात एकदम आंबतो, आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं.

आपल्या पोटात ना खडे, ना बैलासारखी सोय. दात हेच आपलं जातं. नागलीत 100 ग्रॅममागे साधारण 7 ग्रॅम प्रथिन, त्यातही लायसिन थोडं, आणि ती उणीव डाळ भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर उडदाची डाळ असली की माझा जीव निश्चिंत होतो. शिवाय नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, की दाणा स्वतःच आपली प्रथिनं तोडू लागतो आणि त्यांना धरून ठेवणारी तुरट द्रव्यंही कमी होतात. याला दोन दिवस लागतात गं, घाई करून भागत नाही.

मी या आठवड्यात मोड आणून, वाळवून, दळून ठेवते. शनिवारी येशील तेव्हा रिकामा डबा आण, आणि उद्यापासून गाडीआधी दहा मिनिटं बसून जेव.

तुझी,
आजी