फसलेल्याचा दोष किती?

भाजीवाल्या मावशीच्या टोपलीपाशी आज क्यूआर कोडचा कागद दिसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि ज्यांनी जन्मभर कमरेच्या पिशवीत पैसे ठेवले त्यांच्याही हाती मोबाईल आला. सोय मोठी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यासोबत एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या कपड्यांत आपल्या दारी आला आहे: कुणी आपल्याला फसवून आपल्याच हाताने पैसे द्यायला लावले, तर दोष कोणाचा?

अनेकांना भीती वाटते ती कार्डाची. पिन न टाकता, नुसते यंत्राजवळ धरले की पैसे जातात. मग लोकलच्या गर्दीत कुणी खिशाला यंत्र टेकवले तर? २०२१ च्या जानेवारीपासून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारास मुभा मिळाली, तेव्हा शंका अगदीच पोकळ नाही. मात्र कार्ड यंत्राच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर यावे लागते, आणि यंत्र कुणा व्यापाऱ्याच्या नावे नोंदलेले असते. आपला पत्ता मागे ठेवून चोरी करणे चोराला परवडत नाही. कार्ड हरवले तर गोष्ट वेगळी. ज्याला ही सोय नको, त्याने ती बँकेकडून बंद करून घ्यावी.

पैसे जास्त करून जातात ते गोड आवाजामुळे. ‘तुमची रक्कम परत पाठवतोय, फक्त पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. पण हे एक वाक्य ज्याला कुणी सांगितलेच नाही, तो पिन टाकून मोकळा होतो.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. माणसाचे कृत्य दोन कारणांनी अनैच्छिक ठरते असे तो मांडतो: बळजबरी आणि अज्ञान. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा धरून चोरी व लूट यांत फरक केला. लुटीत बळ असते, चोरीत धन्याला पत्ता नसतो; संमती दोन्हींत नाही. या मापाने पाहिले तर आकडे दाबणारे बोट आजीचे होते, देणे तिचे नव्हते. पण ॲरिस्टॉटल अज्ञानाला सरसकट माफी देत नाही. जे अज्ञान माणसाने स्वतः ओढवून घेतले त्याचा जाब त्याला द्यावाच लागतो, आणि दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा असल्याचा दाखला तो देतो.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात अशीच रेषा ओढलेली दिसते. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस नाही. चूक दोघांचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही नाही. मात्र ग्राहकाने आपला पिन वा पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

आता आपल्या घरांत पाहा. आजीला पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ती नातवाला पिन सांगते. नियमाच्या भाषेत हा निष्काळजीपणा, घराच्या भाषेत विश्वास. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही; बोट कुणाचे होते हे बँकेने ओळखावे कसे? पण आजीचे अज्ञान हे दारुड्याचे अज्ञान नव्हे. मोबाईल तिने मागितला नव्हता. तो तिच्या हाती आपण दिला, पैसे पाठवायला पाच मिनिटांत शिकवले, आणि सावध राहायला शिकवण्याएवढा वेळ कुणाकडे नव्हता. जाब मागायचाच तर त्यातला काही भाग आपल्याही वाट्याला येतो.

आणि या सगळ्यात फसलेला माणूस करतो काय? गप्प बसतो. मुलगा रागावेल, सून हसेल, शेजारी विचारतील. पैसे गेले त्याहून अक्कल गेल्याचे कळेल, ही लाज त्याला खाते. तिकडे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत असते. १९३० या क्रमांकावर तक्रार जितकी लवकर जाईल तितकी ती वाटेत अडवता येण्याची आशा अधिक. तेव्हा घरातल्या तरुणांनी ‘एवढेही कळले नाही का?’ हा प्रश्न निदान तो फोन लावून होईपर्यंत तरी गिळावा.