गारव्याची बातमी

सकाळी बाहेर पडताना पुदिन्याची एखादी बारीक गोळी तोंडात टाकावी आणि वर घोटभर साधं पाणी प्यावं. फ्रिजमधलं नको, माठातलंही नको, पिंपातलं पुरे. ते पाणी बर्फासारखं लागतं. पाणी तेच, तोंड तेच. मग हा गारवा आला कुठून?

स्पेनमध्ये १९९४ साली अशी एक गोळी निघाली. नाव स्मिंट. ती काढली चुपा चुप्स या कंपनीनं. याच कंपनीच्या एन्रिक बेर्नात यांनी १९५८ मध्ये मुलांसाठी काडीवरची गोड गोळी बाजारात आणली होती, हात चिकट होऊ नयेत म्हणून. साखर काडीवर चढवून ज्या घरानं नाव कमावलं, त्याच घरानं पुढं ही साखर नसलेली गोळी केली. नखाएवढी, तीन कोपऱ्यांची. डबी दाबली की एक गोळी बाहेर येते. एकच. मला हे फार आवडतं. पुरेसं किती, हे त्या डबीनं आधीच ठरवलेलं असतं.

गोळीत साखरेऐवजी सॉर्बिटॉल असतं, आणि झायलिटॉल. सॉर्बिटॉल १८७२ मध्ये बुसेंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला एका रानझाडाच्या लाल फळांत सापडलं. आपल्या ओळखीच्या नासपतीतही ते असतं. झायलिटॉल जिभेला गोड लागतं, पण दात किडवणाऱ्या जंतूंना त्यापासून आम्ल बनवता येत नाही. गोडी जिभेपाशीच थांबते.

हे दोन्ही पदार्थ विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतात. ती उष्णता आपल्या जिभेची असते. म्हणजे जीभ खरोखर थोडी थंड होते. हा एक गारवा.

दुसरा पुदिन्यातल्या मेंथॉलचा. मेंथॉल काहीच थंड करत नाही. आपल्या त्वचेत आणि तोंडात थंडी ओळखणारी सूक्ष्म दारं आहेत. एरवी ती साधारण २६ अंशांच्या खाली उघडतात. मेंथॉल लागलं की त्याहून उबदार असतानाही उघडतात. मेंदूला बातमी जाते, गार आहे. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये स्वतंत्रपणे या दारांचा शोध लावला. उष्णतेचं दार ज्युलियस यांना त्याआधीच, मिरचीच्या तिखटावरून सापडलं होतं. २०२१ चं नोबेल या दोघांना मिळालं. ठेचा तोंड भाजतो, तेव्हाही तोंडात आग नसते. फक्त बातमी असते.

या दोन गारव्यांचा मी बराच विचार करतो. गोळी विरली की खरा गारवा थांबतो. त्याला उष्णता ओढायला काही उरत नाही. बातमीचा गारवा मात्र रेंगाळतो. आपण ताजेपणा म्हणतो, तो बहुतेक हा दुसराच. त्याला खोटा म्हणायला माझं मन धजत नाही. जीभ काही बनाव करत नाही. दार उघडलं, एवढंच ती प्रामाणिकपणे सांगते.

नैसर्गिक मेंथॉल जगाला सर्वांत जास्त आपला देश पुरवतो. उत्तर प्रदेशातलं बाराबंकी हे त्याचं मोठं ठिकाण. रब्बीची पिकं निघाल्यावर आणि भात लावण्याआधी जे दिवस उरतात, त्यांत तिथले शेतकरी मेंथा, म्हणजे मेंथॉल देणारा पुदिना, घेतात. या मधल्या दिवसांतलं नगद पीक ते. कापणी ऐन मे-जूनमध्ये. पाला टाकीत भरायचा, खाली जाळ घालायचा, वाफेबरोबर तेल वर येतं, ती वाफ थंड पाण्यातून नेऊन तेल वेगळं करायचं. पुढं कारखान्यात ते तेल गोठवलं की मेंथॉलचे पांढरे स्फटिक सुटे होतात.

बाहेर चाळीसच्या वर पारा, समोर जाळ, आणि हवेत मेंथॉलचा वास. तिथं काम करणाऱ्याचं अंग तापत असणार आणि त्याच वेळी नाका-डोळ्यांना गार झोंबत असणार. दोन्ही दारं एकदम उघडी. त्यातलं खरं कुठलं, हे शोधत बसायला त्याला सवड नसते. तेल पुरतं उतरेपर्यंत जाळ कमी होऊ द्यायचा नसतो.