परतावा आणि प्रामाण्य

बिटकॉइन मायनिंगची यंत्रे भाड्याने चालवण्याच्या योजनेत गुंतवणूकदार यंत्राची, किंवा त्याच्या गणनशक्तीच्या एखाद्या हिश्श्याची, किंमत भरतो. यंत्र मात्र कंपनीच्याच ताब्यात राहते. ते कुठल्यातरी स्वस्त विजेच्या देशात अहोरात्र चालू आहे असे त्याला सांगितले जाते आणि रोजची कमाई मोबाइलच्या पडद्यावर आकड्यांत दिसत राहते. मालकी नावापुरती, वस्तू हाताबाहेर. ही रचना जुनीच आहे. फ्लोरिडातील हॉवी कंपनी फळबागेतील झाडांच्या रांगा विकायची आणि मशागत स्वतःकडे ठेवायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्ये तो व्यवहार जमीनविक्रीचा नसून गुंतवणुकीचा करार ठरवला. महाराष्ट्राने 1990 च्या दशकात सागवान लागवडीच्या योजना पाहिल्या आणि 2019 मध्ये सांगली भागातील कडकनाथ कोंबडीची योजना. कडकनाथमध्ये पक्षी शेतकऱ्याच्या दारात होते हे खरे, पण त्यांच्या खरेदीची हमी कंपनीच्या शब्दावरच उभी होती.

अशा योजनेविषयी शंका कधी रास्त ठरते, ती घेणे हा विश्वासाचा अपमान आहे की कर्तव्य, आणि शंका आल्यानंतरही हप्ते घेत राहणाऱ्याचे काय, हे प्रश्न पोलीस ठाण्यात पोहोचण्याच्या बरेच आधी ज्ञानमीमांसेच्या आणि नीतिशास्त्राच्या कक्षेत येतात. भारतीय दर्शनांनी त्यांतील पहिल्या प्रश्नावर फार बारकाईने विचार केलेला आहे.

न्यायसूत्रांच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यापाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे. नैयायिकांच्या मते संशयातूनच तपास सुरू होतो, त्यामुळे तो मनाचा दुबळेपणा ठरत नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात दूर काहीतरी उभे दिसते. तो खांब असेल किंवा माणूस. उंची दोघांनाही असते, म्हणून उंचीवरून निर्णय होत नाही, आणि मन एकात असलेले व दुसऱ्यात नसलेले लक्षण शोधू लागते. नैयायिक या लक्षणाला विशेष म्हणतात. भाडे-योजनेत आकडे दाखवणारा पडदा, यंत्रांच्या ओळींची छायाचित्रे, परदेशातील कार्यालय, पंचतारांकित हॉटेलातील सेमिनार आणि वेळेवर येणारा हप्ता ही सगळी उंचीसारखी समान लक्षणे आहेत. खऱ्या कंपनीकडे ती असतात आणि खोट्या कंपनीकडे बहुधा अधिक थाटात असतात.

विशेष सापडतो तो मायनिंगच्या गणितात. बिटकॉइनच्या जाळ्यात सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि एप्रिल 2024 पासून प्रत्येक ब्लॉकमागे 3.125 नवी नाणी मिळतात. दिवसाला 144 ब्लॉक, म्हणजे साऱ्या जगात मिळून 450 बिटकॉइन. या 450 मध्ये व्यवहारशुल्काची थोडी भर पडते. बाकी वाटा प्रत्येकाच्या गणनशक्तीच्या प्रमाणात. 2025 मध्ये जगाची एकूण शक्ती सेकंदाला एक झेटाहॅशच्या आसपास होती. त्या हिशेबाने 200 टेराहॅशचे आणि साडेतीन किलोवॉट खाणारे आधुनिक यंत्र दिवसाला सुमारे 0.00009 बिटकॉइन कमावते. बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलर धरला तर ही मिळकत नऊ डॉलर होते, आणि त्यातून 84 युनिट विजेचे बिल वजा करायचे असते. शिवाय दर 2,016 ब्लॉकांनी जाळे आपले काठिण्य नव्याने ठरवते. यंत्रे वाढली की तेच यंत्र कमी कमावते. साधारण चार वर्षांनी बक्षीस निम्मे होते ते वेगळेच.

म्हणून ठरावीक दराचा परतावा हाच मुळात विशेष आहे. पुण्याशी जवळचा संबंध असलेल्या गेनबिटकॉइन योजनेत मायनिंगच्या करारावर महिना दहा टक्के दराने अठरा महिने परतावा देण्याचे आश्वासन होते, आणि तेही बिटकॉइनमध्ये: एक द्यावा, 1.8 घ्यावेत. ज्या काळात ही योजना जोरात होती त्या काळात, 2016 च्या सुरुवातीपासून 2017 च्या अखेरीपर्यंत, जाळ्याचे काठिण्य दहापटीहून अधिक वाढले आणि जुलै 2016 मध्ये ब्लॉकचे बक्षीस 25 वरून 12.5 वर आले. दर महिन्याला तितकेच बिटकॉइन देणारे यंत्र त्या काळात असू शकत नव्हते. एचपीझेड टोकन या अ‍ॅपवरच्या योजनेचा गुन्हा नागालँडमधील कोहिमाच्या पोलिसांनी नोंदवला. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे 57,000 रुपयांवर तीन महिने रोज 4,000 रुपयांचे आमिष होते. तीन महिन्यांचे 3,60,000 होतात. हे ताडून पाहायला मायनिंग कळावे लागत नाही, गुणाकार पुरतो.

तरीही शिकलेली माणसे फसतात. त्याचे सर्वांत गंभीर कारण लोभापेक्षा खोल आहे: पैसे खरोखर येतात. ज्ञान खरे आहे हे कसे कळते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. कुमारिल भट्टाच्या परंपरेत ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याच्या कारणात दोष दिसला किंवा त्याला छेद देणारे दुसरे ज्ञान झाले तरच ते खोटे ठरते. निष्कारण शंका त्यांना मान्य नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. प्रत्येक शब्दावर शंका घेणाऱ्याला बाजारातून भाजीसुद्धा आणता येणार नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून सिद्ध होते, आणि त्याची कसोटी सफल प्रवृत्ती. समोर पाणी दिसले, माणूस गेला, प्यायला, तहान भागली. म्हणजे ते पाणी होते, मृगजळ नव्हते.

साखळी योजना नेमकी या कसोटीवर घाव घालते. गुंतवणूकदार पैसे भरतो, महिन्याने हप्ता येतो, तो काढून घेऊन त्याचे दागिने करता येतात. प्रवृत्ती सफल झाली. मृगजळाने तहान भागत नाही, पण ही योजना तहान भागवते, निदान पहिल्यांची. शेजाऱ्याच्या शंकेला लोक उत्तर देतात की आम्हाला तर मिळाले, आणि न्यायदर्शनाच्या ढोबळ समजुतीनुसार ते उत्तर बिनतोड वाटते.

त्याला नैयायिकांनीच दिलेले उत्तर उपाधीच्या सिद्धान्तात आहे. धूर तेथे अग्नी हे खरे, पण अग्नी तेथे धूर हे खरे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. ही ओल म्हणजे उपाधी: न सांगितलेली अट, जिच्यामुळे वरवर पक्का दिसणारा नियम मोडतो. ‘हप्ता आला, म्हणजे यंत्राने कमाई केली’ या अनुमानाची उपाधी आहे जाळ्याकडून मिळालेले बक्षीस. खऱ्या कमाईत ते असलेच पाहिजे; हप्त्यामागे ते असेलच असे नाही, कारण हप्ता नव्याने आलेल्या माणसाच्या पैशातूनही देता येतो. तो अठरा वेळा आला तरी अनुमान सुधारत नाही. ज्या ठिकाणी हप्ता आला पण बक्षीस नव्हते ते एकच उदाहरण पुरते, आणि ते शोधण्याची जागा उपलब्ध असते. बिटकॉइनची नोंदवही सर्वांना खुली आहे. मायनिंग करणाऱ्याचे पूलमधील, म्हणजे सामायिक मायनिंगच्या गटातील, खाते, त्यात आलेली नाणी आणि वीज कंपनीची बिले तो दाखवू शकतो. जो तीन वेळा विचारल्यावरही सेमिनारचे निमंत्रणच पाठवतो, त्याच्याविषयीची शंका आता निष्कारण राहिलेली नसते.

डोळ्यांनी पाहणेही फारसे कामाचे नाही. कनेक्टिकटमधील गॉ मायनर्स या कंपनीकडे यंत्रे होती; अमेरिकेच्या रोखे नियामकाचा आरोप असा होता की 2014 मध्ये तिने असलेल्या शक्तीपेक्षा कितीतरी अधिक शक्ती हजारो लोकांना विकली. संस्थापक जॉश गार्झाने 2017 मध्ये गुन्हा कबूल केला आणि पुढील वर्षी त्याला 21 महिन्यांची शिक्षा झाली. एस्टोनियातील हॅशफ्लेअरने 2015 ते 2019 या काळात 57 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक किमतीचे करार विकले. आरोपपत्रानुसार तिची खरी मायनिंगशक्ती दाव्याच्या एक टक्क्याहूनही कमी होती. बिटक्लब नेटवर्क या मायनिंग योजनेच्या प्रोग्रॅमरने तर 2020 मध्ये कबुली दिली की गुंतवणूकदारांना दिसणारे कमाईचे आकडे फुगवले जात होते. गोदामात जाऊन पंख्यांचा घोंघाट ऐकणाऱ्याला यंत्र प्रत्यक्ष दिसते. तेच यंत्र आणखी किती जणांना विकले आहे हे प्रत्यक्षाचा विषयच नाही.

मग उरतो शब्द. बहुतेकांना ही योजना मेहुण्याने, सोसायटीतल्या काकांनी, जुन्या वर्गमित्राने सांगितलेली असते. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाची, दोन मुख्य लक्षणे दिली: त्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखेच लागू होते असेही तो सांगतो. कूळ, नाते किंवा प्रतिष्ठा यांना त्यात जागा नाही. मेहुणा प्रामाणिक असला तरी पहिल्या अटीत नापास होतो. त्याला ठाऊक असतो तो फक्त स्वतःचा हप्ता. आणि प्रत्येक नव्या माणसामागे त्याला कमिशन मिळत असेल तर दुसरी अटही डळमळते. मीमांसकांच्या भाषेत हा कारणदोष झाला. त्याच्या शब्दावर शंका घेणे म्हणजे त्याला खोटारडा म्हणणे नव्हे. घरगुती भांडणात हा फरक टिकत नाही, पण तर्कात तो स्पष्ट आहे.

शंकेखोराला गप्प बसवण्यासाठी धर्माचा आधारही घेतला जातो. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी मनाच्या माणसाचा नाश होतो असे सांगितले आहे, आणि ‘सकारात्मक विचार’ शिकवणाऱ्या वक्त्यांना हा दाखला फार सोयीचा. तिथे मात्र संशयाची सांगड अज्ञानाशी आणि अश्रद्धेशी घातलेली आहे, आणि त्याच अध्यायात सहा श्लोक आधी, ज्ञान मिळवायचे तर जाणत्याला नम्रपणे पुन्हा पुन्हा प्रश्न विचारावेत असा उपदेश आहे. प्रश्न विचारणाऱ्याला गटातून काढून टाकणाऱ्या वक्त्याला त्या अध्यायाचा आधार मिळत नाही.

शंका घेणे कर्तव्य आहे का, यावर इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्डने 1877 मध्ये अतिशय कडक भूमिका घेतली. त्याच्या उदाहरणातील जहाजमालक जुने गलबत धोक्याचे आहे ही शंका मनातून दडपतो, प्रवासी चढवतो, गलबत बुडते. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, कारण दोष परिणामात नव्हता, विश्वास कसा कमावला त्यात होता. विल्यम जेम्सने 1896 मध्ये त्याला उत्तर दिले: पुराव्याने न सुटणाऱ्या, टाळता न येणाऱ्या आणि आयुष्याला वळण देणाऱ्या प्रश्नांत श्रद्धेने पाऊल टाकण्याचा माणसाला हक्क आहे. ईश्वराच्या प्रश्नाला जेम्सची ही सवलत लागू होईलही. यंत्रभाड्याच्या योजनेला ती मुळीच लागू होत नाही. इथे पुरावा मागता येतो, गुंतवणूक टाळता येते, आणि नाही म्हणणाऱ्याचे आयुष्य जसेच्या तसे चालू राहते. स्वतःचे पैसे घालणाऱ्याला फार तर भोळा म्हणता येईल. पण डाऊनलाइन, म्हणजे आपल्याखाली नव्या गुंतवणूकदारांची साखळी, उभी करणारा जहाजमालकाच्या जागी असतो. दुसऱ्याला चढवण्याआधी तळ तपासणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि आपल्याला काही कळत नव्हते ही सबब त्याने न विचारलेल्या प्रश्नांपुढे फिकी पडते.

राहिला तो माणूस, ज्याला शंका आलेली आहे आणि जो बुडण्याआधी बाहेर पडू म्हणून हप्ते घेत राहतो. बाजारात त्याला हुशार म्हणतात. जैन परंपरेतील तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार मोजले आहेत. त्यांत चोरीला प्रवृत्त करणे, चोरून आणलेला माल घेणे आणि नकली मालाचा व्यवहार करणे हे तिन्ही आहेत. चोरी स्वतः न करणाराही व्रत मोडतो, ही त्यातली दृष्टी या माणसाला नेमकी पकडते. त्याचा हप्ता म्हणजे मागून आलेल्याचे मुद्दल. आधुनिक कायदा दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचला. बर्नार्ड मॅडॉफचा घोटाळा डिसेंबर 2008 मध्ये उघड झाल्यावर नेमलेल्या विश्वस्ताने मुद्दलापेक्षा जास्त रक्कम काढलेल्यांकडून तो काल्पनिक नफा परत मागितला, आणि हिशेब खात्यावर दाखवलेल्या शिलकेवरून करण्याऐवजी भरलेल्या व काढलेल्या रकमांवरून करण्याची पद्धत न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केली. अशांपैकी अनेकांना काहीच माहीत नव्हते. निर्दोष असणे आणि त्या पैशाचे धनी असणे या दोन गोष्टी निराळ्या ठरल्या.

गेनबिटकॉइनमध्ये नव्या गुंतवणुकीचा ओघ 2017 मध्ये आटू लागल्यावर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच टोकन देण्यात येऊ लागले. ते कमी किमतीचे होते. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला एप्रिल 2018 मध्ये अटक झाली आणि खटल्याचा निकाल लागण्याआधीच जानेवारी 2022 मध्ये त्याचा मृत्यू झाला. देशभरचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले. सक्तवसुली संचालनालयाच्या अंदाजाने गोळा झालेली रक्कम सुमारे 6,600 कोटी रुपयांची आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये साठ ठिकाणी घातलेल्या छाप्यांत हाती लागलेल्या आभासी चलनाचे मूल्य 23.94 कोटी होते.