उरण्याचा हिशेब

अणुयुद्धानंतर माणूस उरेल का, आणि उरला तर पुन्हा उभा राहील का, असा विषय निघाला की आपण चटकन हिरोशिमाचे नाव घेतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते शहर जळाले. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली. ७५ वर्षे तेथे गवतही उगवणार नाही, असे बोलले गेले. पण ९ ऑगस्टलाच एका छोट्या टप्प्यावर ट्राम धावली. पुढे त्या राखेत कण्हेर फुलली. आज ते त्या शहराचे मानाचे फूल आहे. हे आठवून आपण स्वतःला धीर देतो.

हा धीर तपासून पाहायला हवा. हिरोशिमा उभे राहिले, कारण त्याच्या बाहेरचे जग शिल्लक होते. शेजारच्या गावांतून माणसे धावून आली. अन्नाची चणचण होती. पण सूर्य झाकोळला नव्हता, पुढच्या हंगामावर भरवसा ठेवता येत होता.

मोठ्या अणुयुद्धानंतर नेमका हा भरवसाच उरणार नाही. जळत्या शहरांची काजळी पावसाच्या ढगांहून वर चढते, वर्षानुवर्षे तेथेच राहते. ऊन अडते, पृथ्वी गारठते, पिके बुडतात. २०२२ साली ‘नेचर फूड’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की भारत-पाकिस्तान अणुयुद्ध मोठे झाले तर जगात दोन अब्जांहून अधिक माणसे भुकेने मरू शकतील. अमेरिका-रशिया युद्धात पाच अब्जांहून अधिक. मे १९९८ मध्ये पोखरण आणि चागाईच्या चाचण्यांनंतर दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. त्या मिठाईत या भुकेचा हिशेब नव्हता.

मग माणूस संपेल? बहुधा नाही. दक्षिण गोलार्धात कोणी तरी तगेल. पण ‘आपण उरू’ म्हणताना त्या ‘आपण’मध्ये मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी आणि सिंधमधला हारी असतो काय? नसेल, तर हे उत्तर कोणाच्या समाधानासाठी?

आणि उरलेल्यांनी तरी जग कशावर उभारायचे? लेनिनग्राडच्या वेढ्यात (१९४१-४४) वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ बियाण्यांचा संग्रह राखत बसले होते. भाताचे वाण सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह त्या भाताच्या सान्निध्यातच उपाशी मेले. खुद्द वाव्हिलोव्ह १९४३ साली स्टालिनच्या तुरुंगात अन्नावाचून गेले. बियाणे मात्र वाचले.

समोर धान्य असताना ते खायचे नाही, कारण ते पुढच्यांचे आहे. एवढा संयम असेल तरच जग पुन्हा पेरता येते. हाताशी बॉम्ब असताना तो टाकायचा नाही, यालाही हाच संयम लागतो. युद्धातून उरलेल्या उपाशी माणसांकडून त्याची अपेक्षा धरण्यापेक्षा, पोट भरलेले असताना आपणच तो दाखवलेला बरा.