उरलेले कोण गोळा करणार?

आमच्या इंदूरच्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीनंतर प्रीतिभोजन असते. गेल्या वर्षी भोजन आटोपल्यावर मी उपासनामंदिराच्या मागच्या बाजूस गेलो. तेथे काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता. पाण्याच्या बाटल्या, चकचकीत पत्रावळ्या, चहाचे पेले! रविवार शाळेतील एका मुलाने विचारले, “सर, हे आता कुठे जाणार?” मी म्हणालो, “सकाळी गाडी येऊन घेऊन जाईल.” उत्तर खरे होते, तरी माझे मलाच ते पटले नाही.

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. म्हणून आम्ही कागदी पेले आणले होते. पण अशा पेल्यांना बहुधा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणूनच त्यांतून चहा झिरपत नाही. नियम पाळला गेला, सवय मात्र तीच राहिली.

वस्तू टाकली म्हणजे तिची जबाबदारी संपते काय? आपण सहज म्हणतो, ‘टाकून दिले.’ यातील ‘दिले’ या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. दिले, ते कोणाला? खरकट्यासह पिशवी गिळणाऱ्या गाईला, पावसाळ्यात तुंबणाऱ्या नाल्याला, की सुका कचरा हातांनी निवडणाऱ्या एखाद्या बहिणीला? प्लास्टिक कुजत नाही. त्याचे बारीक कण होऊन ते माती व पाण्यात राहते. म्हणजे जे आपण पुढच्या पिढीला मागून घ्यायला लावले नाही, तेही तिला दिले.

इंदूरने २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवला, याचा आम्हांस अभिमान आहे. देवगुराडिया येथे साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा २०१८ च्या सुमारास उपसून निवडावा लागला. तो डोंगर कोणी एकाने रचला नव्हता. घरोघरीच्या ‘एवढ्याशा’ पिशवीनेच तो वाढला होता. रस्ता स्वच्छ दिसतो म्हणून आपला हात स्वच्छ ठरत नाही.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. जो भाकरी वाढवू शकत होता, त्याला तुकड्यांची काय वाण होती? तरीही विपुलता ही नासाडीची परवानगी नव्हे, हे त्याने दाखविले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या शिष्यांनी वाढले, त्यांनीच वेचले. त्यासाठी दुसरे कोणी बोलावले नव्हते.

हे सांगून मंडळीच्या सभेत मी स्टीलची ताटे आणण्याचे सुचविले. तेव्हा एक वयस्कर भगिनी म्हणाल्या, “ताटे आणाल हो, पण घासणार कोण? पूर्वी आम्हीच घासत होतो, आणि तुम्ही पुरुषमंडळी अंगणात गप्पा मारीत होता.” मी निरुत्तर झालो. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. प्लास्टिकने त्यांच्या मनगटांना विसावा दिला होता. आपल्या सद्सद्विवेकाचे ओझे पुन्हा त्यांच्याच हातांवर टाकणे, हेही एक प्रकारचे ‘टाकून देणे’च झाले असते.

अखेर ताटे आली. पण घासणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव पाळकसाहेबांनी स्वतःचे लिहिले, आणि दुसरे मी. मुले घरून आपापला पेला आणणार आहेत.

बंधुभगिनींनो, यामुळे जग लगेच बदलेल असे नाही. पण आपली सोय होते तेव्हा तिची किंमत कोण देतो, हे विचारण्याची सवय तरी लागेल. आणि ताटांविषयी मुलाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर “धुऊन कपाटात” असे त्याला निर्मळ मनाने सांगता येईल.